रिकामा रकाना

श्यामकांत वऱ्हाडपांडे हे अख्खं नाव रायपुरात कोणालाच झेपलं नाही. शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यात ते रुजू झाले त्या दिवशी हजेरीबाबूनं रजिस्टरात नुसतं 'पांडे' लिहिलं, आणि अठ्ठावीस वर्षं झाली, ते पांडेजीच आहेत. उत्तर प्रदेशातल्या कामगारांना ते त्यांच्याकडचे वाटतात, नागपूरकडच्यांना आपले. कोणाचाही गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. दुसरा एखादा चिडला असता, दुरुस्ती करून घेतली असती. यांना वाटलं, चाललंय ते बरं चाललंय, दोन्हीकडून नमस्कार मिळतो आहे.

माणूस मुळातच असा. कुठे आवाज चढला की यांना निघायची घाई सुटे. मराठी मंडळाच्या निवडणुकीत दोन पॅनेलं उभी राहिली तेव्हा दोन्हीकडचे उमेदवार त्यांच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या घरी पोहे खाऊन गेले, दोघांनीही त्यांचं मत आपलंच धरलं, आणि मतदानाच्या दिवशी श्यामकांत सकाळच्या गाडीनं डोंगरगडला देवीच्या दर्शनाला निघून गेले. नागपूरच्या घराची वाटणी झाली तेव्हा बाहेर दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि हे मधल्या खोलीत पुतणीला वर्गमुळं शिकवत बसले होते. आपण कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, हे ते इतक्या समाधानानं सांगत की ऐकणाऱ्याला ती एखादी पदवी वाटावी.

त्यांच्या पत्नीला, विनोदिनीबाईंना, या पदवीचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या घरातल्या. बोलायला फटकळ. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला, तोही हिंदीतून, त्यामुळे मराठी बोलता बोलता त्या मध्येच 'सन उन्नीस सौ चौदह' म्हणत. नवरा असा गप्प बसला की त्या म्हणत, "तुम्ही तर स्वित्झर्लंडच आहात. फक्त तिथली घड्याळं वेळेवर चालतात." श्यामकांत यावर हसत. चिडवण्यातही ते कोणाची बाजू घेत नसत, स्वतःचीसुद्धा नाही.

एका बाबतीत मात्र हा माणूस मुळीच गुळमुळीत नव्हता, ती बाब म्हणजे लोखंड. कारखान्यात लालबुंद लोखंड दाबून, ठोकून त्याचे भाग घडवतात. रेल्वेचे, ट्रॅक्टरचे, पंपाचे. तयार झालेला प्रत्येक भाग श्यामकांतांच्या टेबलावरून जातो. ते कठीणपणा तपासतात, तडा बघतात, मापं घेतात, आणि पटलं तरच पोलादी ठशावर हातोडी मारून बुडावर आपली खूण उमटवतात. हा ठसा त्यांच्याशिवाय कोणी हाताळायचा नाही, असा तिथला रिवाज. एकदा जुन्या मालकांनी, म्हणजे आताचा मालक चिराग याच्या वडिलांनी, रेल्वेच्या मालातले चाळीस भाग तेवढे सोडून द्या म्हणून गळ घातली होती. श्यामकांतांनी ठसा टेबलावर ठेवला आणि म्हणाले की तुम्हीच मारा. मालकांनी मारला नाही. त्या दिवसापासून त्यांची खूण असलेला माल घेणारे पुन्हा मोजून बघत नाहीत, असं सिलतऱ्यात म्हटलं जाऊ लागलं.

वडील गेल्यावर चिराग गादीवर आला. पोरगा वाईट नाही. बाहेर शिकून आलेला, कामगारांशी नीट बोलणारा, श्यामकांतांना अंकल म्हणणारा. साठी उलटली तरी त्यानं त्यांना दर वर्षी मुदत वाढवून दिली. मंदीत दोन पाळ्यांची एक पाळी झाली होती, आणि बाजूच्या दोन कारखान्यांना कुलपं लागली होती, तेव्हा गेल्या पावसाळ्यानंतर त्याला परदेशातून एक मोठी ऑर्डर मिळाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भागाच्या नकाशावर लिहिलं होतं, 'हायड्रॉलिक सिलिंडरचा बाह्य भाग'.

पहिला नमुना लेथवरून उतरला आणि श्यामकांतांच्या टेबलावर आला. त्यांनी तो उभा केला, आडवा केला, बोट फिरवलं. बुडापासून थोडं वर एक रुंद खाच होती, आणि खाचेच्या तळाशी नागमोडी रेघा. तिथे त्यांचं बोट थांबलं.

एकविसाव्या वर्षी त्यांनी एका सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात शिकाऊ म्हणून एक वर्ष काढलं होतं. वर्षभर काम एकच, खाच मोजायची. त्या खाचेत तांब्याचं कडं दाबून बसवतात, ते घसरू नये म्हणून तळाशी रेघा असतात, आणि तोफेच्या नळीतून जाताना त्या कड्यामुळे गोळा गरगर फिरतो. सिलिंडरला असल्या खाचेचं काही काम नाही. त्यांच्यासमोर ठेवलेलं होतं ते तोफगोळ्याचं कवच. मनात कुठेही शंका उरली नाही.

जगात तेव्हा एक युद्ध चालू होतं; ते कोणाचं, हे इथे सांगायची गरज नाही. ते रोज संध्याकाळी टीव्हीवर सगळ्यांच्या घरात दिसत होतं. आपला देश त्यात कोणाच्याच बाजूनं नव्हता, तसं वरचेवर सांगितलं जात होतं, आणि ते ऐकताना श्यामकांतांना आपल्याच स्वभावाची कोणीतरी तारीफ करतंय असं वाटे. आता तेच युद्ध त्यांच्या टेबलावर उभं होतं.

ते चिरागकडे गेले. सरळ विचारायचा स्वभाव नाही, म्हणून आधी खाचेच्या मापाबद्दल बोलले, मग रेघांबद्दल, आणि शेवटी म्हणाले की हे सिलिंडरसारखं दिसत नाही. चिरागनं लॅपटॉप बाजूला सारला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ऑर्डर एका व्यापाऱ्याची आहे, व्यापारी तिसऱ्याच देशातला आहे, त्याच्या देशाचं कोणाशी युद्ध नाही, आपल्या देशाचंही नाही. मग तो म्हणाला, "अंकल, ड्रॉइंग पे जो लिखा है, माल वही है. पूछना हमारा काम नहीं. हम तो न्यूट्रल हैं."

या शेवटच्या वाक्यानं श्यामकांतांना घेरलं. त्यांनी आयुष्यभर जे म्हटलं तेच तो म्हणत होता. ते आपल्या टेबलाकडे परतले.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. विनोदिनीबाई मेथी निवडत होत्या. श्यामकांत समोर बसले, चार काड्या उगीच इकडच्या तिकडे केल्या आणि विचारलं की तुझ्या त्या इतिहासात तटस्थ देश युद्धात कसा काय ओढला जातो. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं इतिहासाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांना कारण विचारायचं सुचलं नाही.

"पाच मार्काला येत होता हा," त्या म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास मेथी तशीच राहिली. त्यांनी बेल्जियम सांगितलं. जर्मनांना फ्रान्सवर जायचं होतं, त्यांनी बेल्जियमकडे फक्त वाट मागितली; दिली असती तर फ्रान्सशी वैर, नाही दिली तर जर्मनी अंगावर. मग दुसऱ्या महायुद्धातलं नॉर्वे सांगितलं. ते ऐकताना श्यामकांत सावरून बसले, कारण ती गोष्ट लोखंडाची होती. स्वीडनचं कच्चं लोखंड हिवाळ्यात नॉर्वेच्या बंदरातून जर्मनीला जायचं. नॉर्वेचं म्हणणं, आम्ही कोणाचे नाही, माल येतो, माल जातो. इंग्रजांना ते लोखंड अडवायचं होतं आणि जर्मनांना ते चालू ठेवायचं होतं, आणि दोघांच्याही आरमारांनी त्या बंदराकडे मोहरा वळवला. नॉर्वेला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"मग त्यांनी काय करायला हवं होतं?" श्यामकांतांनी विचारलं.

"ते परीक्षेत विचारत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि मेथीकडे वळल्या.

इथे श्यामकांतांनी जी चूक केली ती त्यांच्यासारखा माणूसच करू शकतो. दुसरा कोणी असता तर घाबरून सही करून मोकळा झाला असता, किंवा भडकून निघून गेला असता. यांनी रात्रभर विचार करून एक मधला मार्ग काढला आणि तो सापडल्याचा त्यांना आनंदही झाला. तपासणीच्या प्रमाणपत्राचा छापील नमुना खरेदीदाराकडूनच आला होता. त्यात लोखंडातली द्रव्यं, कठीणपणा, मापं असे रकाने होते, आणि सगळ्यांत खाली, सहीच्या अगदी वर, एक रकाना होता: 'वस्तूचा वापर'. श्यामकांतांनी ठरवलं की वरचं सगळं आपण जातीनं तपासायचं, खरं ते लिहायचं, सही करायची, आणि तो एक रकाना रिकामा सोडायचा. खोटं लिहिलं नाही, म्हणजे पाप नाही. खरं लिहिलं नाही, म्हणजे भांडण नाही.

आणि त्यांनी तसंच केलं. दोनशे चाळीस भाग तपासले. सवय अशी की हात हलका पडेना. एकाचा कठीणपणा जरासा कमी भरला तर तो बाजूला काढून पुन्हा भट्टीत घालायला लावला. प्रत्येकाच्या बुडावर खूण उमटवली. प्रमाणपत्रं भरली, खालचा रकाना कोरा सोडला, सह्या केल्या आणि कागद माल पाठवणाऱ्या विभागात देवीदासकडे दिले. देवीदास कोहळे हा गोंदियाकडचा माणूस, पंचेचाळिशीचा. बारा वर्षांपूर्वी श्यामकांतांनीच शब्द टाकून त्याला इथे लावलं होतं. त्यानं कागद चाळले, कोऱ्या रकान्यावर त्याची नजर थांबली, मग त्यानं श्यामकांतांकडे पाहिलं. श्यामकांत खिडकीबाहेर बघत होते.

दोन महिने गेले. सिलतऱ्याची काळी धूळ रोज अंगावर घेऊन यायची आणि बुढातलावाच्या काठानं एक फेरी मारून घरी जायचं, असं आयुष्य पुन्हा रुळावर आलं. टीव्हीवर पडलेल्या इमारती दिसल्या की ते उठून बाल्कनीत जात. विनोदिनीबाईंनी एक-दोनदा टोकलं की बातम्यांचं तुम्हाला इतकं वावडं कधीपासून.

मग एके दुपारी चिरागनं सगळ्या विभागांत पेढे वाटले. श्यामकांतांना त्यानं केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हातानं पेढा दिला. खरेदीदाराचं पत्र आलं होतं. माल उत्तम आहे, एकही भाग नापास झाला नाही, आता याच्या चौपट माल हवा, आणि अट एकच, पुढच्या प्रत्येक भागावर याच तपासनिसाची खूण असली पाहिजे. चिरागनं ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. तुमची मुदत मी एकदम तीन वर्षं वाढवतो म्हणाला, कारण आता ही ऑर्डर तुमच्याच नावावर चालणार. आणि नव्या मालासाठी जुनी प्रमाणपत्रं नमुना म्हणून बघून ठेवा, असं सांगून त्यानं फाइल पुढे सरकवली.

श्यामकांतांनी फाइल उघडली. आपली ओळखीची सही, आणि तिच्या वर, त्यांनी कोरा सोडलेल्या रकान्यात, टाइप केलेली ओळ: 'केवळ नागरी वापरासाठी, हायड्रॉलिक यंत्रसामग्री'. दोनशे चाळीस भागांची बारा प्रमाणपत्रं होती, बाराही तशीच. वाचणाऱ्याला दिसणार ते एवढंच की वऱ्हाडपांडे नावाच्या माणसानं हे लिहिलं आणि खाली सही केली.

हातातला पेढा त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांनी चिरागला विचारलं की हे कोणी भरलं. चिराग म्हणाला की रकाना रिकामा असता तर बंदरावर माल अडला असता, म्हणून देवीदासला सांगून भरून घेतलं, त्यात काय एवढं. श्यामकांतांचा चेहरा पाहून त्यानं आवाज उतरवला आणि समजूत घातली. तुमच्यावर काही येणार नाही, म्हणाला. उद्या कोणी विचारलंच तर टाइप देवीदासनं केलंय, कारकुनाची चूक म्हणून निभावून नेऊ.

श्यामकांत घरी आले ते कपडेही न बदलता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. खाच, रेघा, कोरा रकाना, पत्रातली अट. विनोदिनीबाईंनी गॅस बंद केला. 

"म्हणजे तेव्हा नॉर्वे विचारून राहिले होते ते यासाठी," त्या म्हणाल्या. "मले सांगितलं काहून नाही?"

"तू बाजू घ्यायला लावली असती."

"हो, लावलीच असती." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांचा शिक्षिकेचा आवाज परत आला, पण आज त्यात आनंद नव्हता. त्यांनी सांगितलं की पहिल्या महायुद्धात लढणाऱ्यांची जहाजं कधी कधी तटस्थ देशाचा झेंडा लावून समुद्रात फिरत. तटस्थ देशाचं नाव चांगलं, त्याच्यावर कोणी गोळी घालायचं नाही, म्हणून तोच झेंडा. मग पाणबुडीवाल्यांचा झेंड्यावरचा विश्वास उडाला आणि खऱ्याखुऱ्या तटस्थांची जहाजंही बुडायला लागली. "त्यांना तुमचं लोखंड नको आहे," त्या म्हणाल्या. "लोखंड कुठंही मिळतं. त्यांना तुमचं नाव पाहिजे. अठ्ठावीस वर्षं तुम्ही खोटा माल सोडला नाही, तेच त्यांनी उचललं."

श्यामकांतांना राग आला. तो नेमका कोणाचा, हे त्यांना ठरवता येईना. चिरागचा म्हणावा तर त्यानं फसवलं नव्हतं, आडपडद्याशिवाय सांगितलं होतं. मग उरला देवीदास. ज्याला आपण नोकरीला लावलं, ज्याच्या मुलीच्या बारशाला आपण जेवून आलो, त्यानं आपल्या सहीवर परस्पर खोटं टाइप करावं आणि दोन महिने सकाळ-संध्याकाळ नमस्कार करत राहावं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. रविवारी ते स्कूटर काढून त्याच्या घरी, गुढियारीला, निघाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाशी तरी भांडायला चालले होते.

देवीदासचं घर मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. त्याची बायको मीरा हिनं चहा ठेवला. देवीदास पडवीत मुलीच्या सायकलची चेन बसवत होता. सरांना बघून तो उठला, हात पुसले, खुर्ची झटकून दिली. श्यामकांत बसले नाहीत. त्यांनी येतानाच तयार केलेली वाक्यं बोलून टाकली. माझ्या सहीवर तू खोटं लिहिलंस, मला विचारलंही नाहीस, तुला इथे कोणी लावलं ते तरी आठवायचं होतंस.

देवीदासनं सगळं ऐकून घेतलं. तो उलट बोलणारा माणूस नव्हता, साहेबांसमोर तर नव्हताच. त्यानं फडकं सायकलच्या सीटवर ठेवलं आणि खाली बघतच बोलला.

"सर, सेठचा फोन आला. म्हणे रकाना खाली हाये, भरून टाक, गाडी उभी हाये. मले दिसत होतं हे सिलिंडर नाही म्हून. बारा वर्सं माल पाहून राहिलो मी. तुमी 'सिलिंडर' लिवलं असतं तं ते तुमच्यावर रायलं असतं. 'सिलिंडर नाही' लिवलं असतं तं माल थांबला असता, मंग सेठनं काय करा ते केलं असतं. तुमी काहीच लिवलं नाही. मंग ते माह्यावर आलं."

मग तो म्हणाला, "मी तुमच्याकडं पाह्यलं होतं, सर. तुमी खिडकीकडं पाहून राहिले होते."

मीरा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. श्यामकांतांनी कप घेतला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. त्यांना त्या क्षणी इतकी लाज वाटली की देवीदासनं चिडून चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की आपण बाजूला झालो की ती गोष्ट तिथेच मिटते. ती मिटत नव्हती. ती दर वेळी कोणातरी दुसऱ्याच्या गळ्यात पडत होती, आणि तो दुसरा बहुतेक वेळा त्यांच्याहून दुबळा असे. नागपूरच्या वाटणीत त्यांनी तोंड उघडलं नाही तेव्हा विधवा आत्येची खोली गेली होती, हेही त्यांना तिथे, त्या पडवीत, पहिल्यांदा नीट कळलं.

त्यांनी देवीदासला विचारलं की सेठ काय म्हणतो ते तुला माहीत आहे का, उद्या काही झालं तर तुझ्यावर ढकलणार आहेत. देवीदास म्हणाला की माहीत आहे, आणि अजून कोणावर ढकलतील. त्यात तक्रार नव्हती. मुलगी बाहेर आली, सायकल झाली का विचारून गेली.

सोमवारी श्यामकांतांनी एक पत्र लिहून आणलं होतं. विनोदिनीबाईंनी ते दोनदा वाचून दोन ठिकाणी काना-मात्रा सुधारल्या होत्या आणि एकाही शब्दावर मत दिलं नव्हतं. पत्रात साधं होतं. हा भाग सिलिंडरचा नाही, तोफगोळ्याच्या कवचाचा आहे. पुढच्या कोणत्याही भागावर माझी खूण उमटणार नाही. पाठवलेल्या दोनशे चाळीस भागांच्या प्रमाणपत्रांतला वापराचा रकाना मी जाणूनबुजून कोरा सोडला, आणि तो कोरा सोडला म्हणूनच तो भरावा लागला. याची जबाबदारी माझी आहे, टाइप करणाऱ्याची नाही. एक प्रत मालकाला, एक निर्यातीचे परवाने बघणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयाला.

चिरागनं पत्र वाचलं, आणि तो ओरडला नाही. त्यानं दार लावून घेतलं, पाणी मागवलं. ऑर्डर गेली तर पुन्हा एक पाळी, हे त्यानं सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. श्यामकांतांनीही ते नाकारलं नाही. त्या पाळीवरच्या ऐंशी माणसांचा विचार त्यांच्या डोक्यातून दोन दिवस हलला नव्हता, आणि त्याचं उत्तर त्यांना सापडलेलं नव्हतं. ते तसं बोललेही. मग चिरागनं वडिलांसारखा मऊ आवाज काढला. दिल्लीला कळवायचंच असेल तर कळवा, पण ही शेवटची, रकान्याबद्दलची वाक्यं काढून टाका. मला आत्ता कळलं असं लिहा. तुम्ही तपासनीस, तुम्हाला नकाशावर जे दिसलं ते तुम्ही मानलं, रकाना कारकुनानं भरला. तुम्ही स्वच्छ बाहेर पडाल, मीही निभावून नेईन. देवीदासचं काय ते बघू, त्याला मी वाऱ्यावर सोडणार नाही.

आणखी एक मधला मार्ग तयार करून, इस्त्री करून त्यांच्यापुढे ठेवला होता. श्यामकांतांना तो आवडला, हे कबूल करायला हवं. क्षणभर त्यांची बोटं पत्राच्या त्या भागाशी गेलीसुद्धा.

"मालूम था, बेटा," ते म्हणाले. "पहले दिन से मालूम था."

चिरागचा धीर सुटला. आपल्या देशाचा या युद्धाशी संबंध नाही, तुमचा नाही, माझा नाही, मग हे सगळं कोणासाठी, असं तो बोलत राहिला. त्या गोळ्यांनी ज्यांना मारलं ते तुमचे कोण, आणि ज्यांना ते मिळाले ते तुमचे कोण? शेवटी टेबलावर हात आपटून त्यानं विचारलं, "आप हो किसकी तरफ़, अंकल?"

श्यामकांतांना हा प्रश्न आयुष्यात अनेकांनी विचारला होता. मंडळातल्यांनी, भावांनी, बायकोनं तर कितीदा. दर वेळी ते हसले होते.

"देवीदास की," ते म्हणाले.

मग त्यांनी चिरागची प्रत त्याच्यापुढे ठेवली, त्याच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि दुसऱ्या पाकिटावर दिल्लीचा पत्ता लिहायला घेतला.